हिरव्या बाटलीची साक्ष

सॉल्टपाँड,
६ मार्च १९९४

चि. एबो यास ताईचे अ. आ.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिलेत. मनात आज वेगळंच आहे. आईनं रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या आहेत. तुमच्या आक्रातल्या कंपनीचा हिरव्या बाटलीतला काढा ती सकाळ-संध्याकाळ घेते आणि त्याचं पत्रक बायबलात जपून ठेवते. मी म्हटलं, आधी डॉक्टरांना विचार. तर म्हणाली, डॉक्टर माझ्या पोटचा आहे का? हे माझ्या एबोनं लिहिलंय, आपल्या फांटी भाषेत लिहिलंय, आणि एबो आईशी खोटं कशाला बोलेल?

एवढ्यावर थांबती तरी निभावलं असतं. गेल्या रविवारी चर्चमध्ये साक्षीची वेळ आली तेव्हा ही पांढऱ्या कपड्यांत, रुमाल हलवत, नाचत पुढे गेली आणि देवानं काढ्याच्या रूपानं मला बरं केलं असं सांगून मोकळी झाली. ढोल वाजले, बायका नाचल्या. आपल्याकडे एकदा साक्ष दिली की संपलं. आता गोळी घेतली तर सगळ्यांदेखत देवाला खोटं पाडल्यासारखं होईल, असं तिचं म्हणणं. शेजारच्या अराबा मावशीनं दुसऱ्याच दिवशी आपल्या गोळ्या मासे धुरवायच्या भट्टीत टाकल्या.

ते पत्रक तू लिहिलंस का, एवढं एका शब्दात कळव. लोभ आहे, पण तो सध्या उत्तराची वाट पाहतोय.

तुझी ताई,
एकुआ

आक्रा,
१४ मार्च १९९४

ती. एकुआताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून काळजी वाटली असं म्हणायला हरकत नाही. पत्रकाच्या लेखनात माझा काही प्रमाणात सहभाग होता. पण ताई, ते नीट वाच. काढा रक्तदाब बरा करतो असं त्यात कुठंही नाही. रक्तदाब आटोक्यात ठेवायला मदत करू शकतो, असं आहे. करतोच असं नाही. अनेक जाणकारांच्या मते, असं म्हटलंय. कोण जाणकार ते म्हटलेलं नाही, त्यामुळे ते चूक ठरत नाही. गोळ्यांच्या कटकटीतून मोकळे व्हा, या वाक्यापुढे चांदणी आहे आणि खाली बारीक अक्षरात डॉक्टरांचा सल्ला घ्यावा असं छापलंय. चांदणी मीच घालायला लावली.

तेव्हा आईचा काहीसा गैरसमज झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. योग्य वेळी योग्य ते पाऊल उचलेन. येणाऱ्या कोणाबरोबर थोडे धुरवलेले मासे पाठव.

शक्य तितका लोभ असू द्यावा.

तुझा,
एबो

सॉल्टपाँड,
२५ मार्च १९९४

चि. एबो यास,

आशीर्वाद आजच्यापुरते माझ्याजवळच ठेवते. अनेक जाणकारांच्या मते तू आमच्या आईचा मुलगा असू शकतोस. कोण जाणकार ते विचारू नकोस.

अराबा मावशी गेली. मंगळवारी भट्टीवर मासे उलटताना डोकं धरून बसली आणि तिथंच कलंडली. केप कोस्टच्या इस्पितळात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. आई बाजाराला गेली की तुला पाठीला बांधून हिंडणारी ती हीच बाई. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. तुझी ती चांदणी तिला दिसलीही नसेल, आणि दिसली असेल तर नक्षी वाटली असेल. मासे मागतोस? लाज कशी वाटत नाही रे तुला?

आई अजून हटून बसली आहे. म्हणते, अराबाची श्रद्धा कमी पडली. तिचे पाय सुजलेत, दोन वाक्यं बोलली की धाप लागते. डॉक्टर म्हणाले, गोळ्या सुरू झाल्या नाहीत तर पुढची पाळी हिचीच. मी ओरडले, पाद्री समजावून गेले, उपयोग शून्य. ज्याच्या शब्दावर गोळ्या बंद झाल्या त्याच्याच शब्दावर त्या सुरू होतील.

अंत्यविधी ९ एप्रिलला आहे. मावशीचा मुलगा फिफी म्हणतो, आदरांजली एबोनंच लिहावी आणि चर्चमध्ये वाचावी, त्याच्यासारखं गोड कोणी लिहीत नाही. त्या बिचाऱ्याला काही ठाऊक नाही. आपल्या गावात भिंतीवरच्या प्रत्येक मरणाच्या कागदावर माणूस अल्पशा आजारानंच जातो. तू तसं लिहिलंस तर माझ्या दारात उभा राहू नकोस.

एकुआ

आक्रा,
३ एप्रिल १९९४

ती. ताईस शि. सा. न.

मी येतो. साहेब म्हणाले, तिकडे तोंड उघडलंस तर परत येऊ नकोस. तरी येतो. लिहायला बसलो आणि कागदामागून कागद फाडले. पेन आपोआप 'कदाचित'कडे वळतं, इतकी सवय झाली आहे. शेवटी मावशी समोर बसली आहे असं धरून लिहिलं. फिफीला आधी वाचायला दे. तो नको म्हणाला तर मी वाचणार नाही.

'अराबा मावशी अल्पशा आजारानं गेली नाही. तिला रक्तदाब होता आणि गोळ्यांनी तो आटोक्यात होता. माझ्या पत्रकावर विश्वास ठेवून तिनं गोळ्या टाकल्या, म्हणून ती गेली. त्या काढ्यानं रक्तदाब उतरत नाही. लिहिताना मला हे माहीत होतं. माझी आईसुद्धा बरी झालेली नाही.'

लोभ मागण्याचं तोंड नाही.

एबो

सॉल्टपाँड,
१२ एप्रिल १९९४

चि. एबो यास अ. आ.

वाचून झाल्यावर तू थांबला नाहीस ते बरं केलंस. फिफीनं आधी होकार दिला होता खरा, पण कानांनी ऐकल्यावर तो तुला शोधत बाहेर आला, आणि गळाभेटीसाठी नव्हे. बाजारात पत्रकं अजून वाटली जातायत. नव्या पत्रकात 'मदत करू शकतो' काढून 'साथ देतो' घातलंय. बघून माझं डोकं फिरलं, सगळा गठ्ठा उचलून भट्टीत घातला.

आज सकाळी आईपुढे आंबवलेल्या मक्याच्या पिठाची केंकी ठेवली, तर पान बाजूला सारून तिनं गोळी मागितली. मी पाणी दिलं. हातात गोळी धरून म्हणाली, मी साक्ष दिली तेव्हा अराबा पहिल्या बाकावर होती, सगळ्यात जोरात टाळ्या तिनं वाजवल्या. मग गोळी गिळली. तुझं नाव काढलं नाही.

येत्या रविवारी ती पुन्हा साक्षीला उभी राहणार आहे. काय बोलणार ते मला सांगत नाही. तू यायचं की नाही ते तूच ठरव. येतो म्हण नाहीतर येत नाही म्हण. प्रयत्न करतो असं मात्र लिहू नकोस.

तुझी ताई,
एकुआ