दार उघडं होतं

सोमवार, १७ नोव्हेंबर
लालबागची चाळ संपवली एकदाची. अकरा खोल्या. पायांचे तुकडे पडले. घरोघर तेच प्रश्न – मूल रोज दूध पितं का, भाजी खातं का, आठवड्यात एखादं जेवण चुकलं का. उत्तरांवरून गुण. गुण कमी, तर त्या मुलाला वर्षभर शाळेत सकाळचं जेवण.

शेवटची खोली मालनची. एकटी बाई, शिवणकाम करते. मुलगी रुपाली, नऊ वर्षांची. मी बसले तशा शेजारच्या शेवंतीकाकी – त्यांच्या नातवंडांचा फॉर्म आधीच भरून झाला होता – उंबऱ्यात येऊन टेकल्या. चाळीत दिवसाढवळ्या दार कोण लावतं? मालन हसून म्हणाली, "सगळं देते हो ताई. दूध, भाजी, अंडं पण." मी तसंच भरलं. चहा छान दाट दुधाचा होता.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
काल काट्यावर घेतलेलं रुपालीचं वजन डोक्यातून जात नाही. एकोणीस किलो. नऊ वर्षांची पोर – रोज अंडं खाणारी? सौमित्रला विचारलं. आमचा साहेब, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. म्हणे, "ते सांगतात ते लिही. तुला वाटतं ते नको." फॉर्म तसाच पाठवला.

शुक्रवार, ५ डिसेंबर
यादी लागली. त्या चाळीतलं एकही मूल नाही.

संध्याकाळी हिंदमाताला ऑफिसखाली मालन उभी. "ताई, खोटं बोलले मी. दूध तुमच्या चहापुरतंच आणलं होतं. पोरगी रात्री कोरा चहा नि चपाती खाऊन झोपते."

मग तेव्हाच का नाही बोललीस?

"दार उघडं होतं ना. काकी बसलेल्या. त्यांच्यासमोर कसं सांगू?"

मी परळच्या चाळीत वाढले. कुणी आलं की आई रिकाम्या डब्याचं झाकण घट्ट लावायची. मला कळायला नको? मठ्ठ कुठली!

शनिवार, ६ डिसेंबर
सौमित्रशी भांडले. भरलेला फॉर्म पुन्हा उघडत नाही म्हणे. "एकीचा उघडला तर सगळ्यांचे उघडावे लागतील." बाथरूममध्ये जाऊन रडले.

रविवार, १४ डिसेंबर
मालनचा फोन. उचलला नाही. काय सांगणार होते?

सोमवार, ५ जानेवारी
मालनच्या खोलीला कुलूप. शेवंतीकाकींनी आत बोलावलं. मालन पोरीला राजापूरला मामाकडे ठेवायला गेलीय. शाळाही आता तिकडेच. इथे दोघींचं भागेना.

"तुम्हाला ठाऊक होतं, काकी?"

"आमका सगळा म्हायत होता. ता लपवी, मगे आमी कशाक बोलाचा?"

चहा दिला त्यांनी. कोरा. मग उठल्या, दाराला आतून कडी घातली आणि माझ्यासमोर येऊन बसल्या.

"आता इचार गो बाय, माझी नातवंडां काय खातत ती."