तुझ्या ओळीसाठी थांबलेल्या बाया

आई, गेल्या मंगळवारी मी तुझ्या कंपनीत गेले होते. जाताना मला ते माहीत नव्हतं. तळवड्याच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये आता कुरिअरचं गोडाऊन आहे, म्हणजे तुझी कंपनी केव्हाच बंद पडली असणार, असं मी धरून चालले होते. मी आता चाकणला गाड्यांच्या एका कंपनीत असते. आम्हाला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांत जायचं, काम कसं चालतं ते बघायचं, फॉर्म भरायचा, अशी माझी नोकरी. निघोज्यातल्या या कारखान्याचं नाव नवं होतं, इमारत नवी होती, रंगाचा वास अजून गेला नव्हता. फाटकावरच्या वहीत सही करताना मला काहीसुद्धा वाटलं नाही. पण तिथे काय झालं ते सांगण्याआधी मला मेथीच्या जुडीबद्दल बोलायचं आहे. ते मी आजवर कुणाशी बोललेले नाही.

रुपीनगरच्या आपल्या खोलीत तू बोलता बोलता ओव्या करायचीस. जातं आपल्याकडे कधी नव्हतंच. दूध उतू गेलं की त्यावर, सिलिंडर संपला की त्यावर, माझ्या केसांतला गुंता सुटला नाही की त्यावर. दोन ओळी व्हायच्या, तू स्वतःशीच हसायचीस आणि पुढच्या कामाला लागायचीस. लिहिता-वाचता तुला येत नव्हतं, आणि कुणाकडून लिहून ठेवायची गरजही तुला वाटली नाही. सकाळी मी अंथरुणातच असते, तू डबा भरता भरता म्हणतेस,

भोंगा झाला गं सातचा, डबा राहिला चुलीशी
कार्ड दाबते मशिनीत, जीव अडला मुलीशी

आणि मी पांघरुणातून ओरडते, "आई, आपल्याकडे गॅस आहे!" तू म्हणतेस, "गॅसला मुलगी जुळंना गं. चुलीलाच जुळायली." तेव्हा मी लहान होते. मला वाटायचं, सगळ्यांच्या आया अशाच बोलत असतील.

नववीत पालकसभा होती. तू पहिली पाळी करून थेट आलीस, अंगावर कंपनीचा निळा एप्रन तसाच. आमच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, "कुणा पालकांना काही बोलायचंय का?" कुणी उठत नव्हतं. मी बाकावर खाली बघत बसले होते, आणि मला कळलं की तू उठतेस. काही कारण नसताना, फक्त तुला सुचलं म्हणून, भरल्या वर्गात तू म्हणालीस,

खडू झिजतो फळ्यावर, बाईंचे हात पांढरे
त्याच हातानं शिकायलीत, तुमची आमची लेकरे

बाईंचे डोळे भरून आले होते. ते मला आज आठवतं. तेव्हा मला मागच्या बाकांवरचं हसू तेवढं ऐकू आलं. "शिकायलीत! शिकायलीत!" पुढे महिनाभर मला बघितलं की पोरी तेच म्हणायच्या. इथं जन्मून, इथल्यासारखं बोलायला शिकून गावाकडचं जे वळण मी झाकून ठेवलं होतं, ते तू एका ओळीत उघडं केलं होतंस.

त्या संध्याकाळी मी घरी आले, तेव्हा तू दारात बसून मेथी निवडत होतीस. मी दप्तर ठेवलं आणि म्हणाले, "तू पुन्हा माझ्या शाळेत तोंड उघडायचं नाही. आणि घरातपण ते सगळं बंद कर. मला लाज वाटते तुझी." तुझ्या हातात एक काडी होती. ती तू मोडलीस, पानं टोपलीत टाकलीस, देठ कागदावर ठेवलास. "बरं," म्हणालीस. तू चिडशील, उलटून बोलशील, थोबाडीत मारशील, मी सगळ्याची तयारी ठेवली होती. तू दुसरी काडी घेतलीस.

त्यानंतर तुझी एकही ओवी घरात झाली नाही. दूध उतू जायचं आणि तू नुसतं फडकं घ्यायचीस. आठवड्याभरात पप्पांनी विचारलं, "हिला काय झालंय? घर मुकं झाल्यागत वाटतंय." मी म्हणाले, "दमली असेल." तीन वर्षं आपण तशीच काढली. मग एका दुपारी मला डिप्लोमाच्या वर्गातून बाहेर बोलावलं. तू कंपनीत बसल्या जागी गेलीस, हार्ट, एवढंच आम्हाला कळलं. पप्पांनी आणखी काही विचारलं नाही, मीपण नाही. मला वाटत राहिलं, मुक्यानेच गेलीस.

आता मंगळवार. दुपारचे अडीच वाजले असतील. सुपरवायझर मला एकेक विभाग दाखवत होता आणि आम्ही वायरींच्या लाइनवर आलो. एका लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना बाया बसलेल्या, समोर खिळ्यांचे बोर्ड, त्यावर रंगीत वायरी ओढून टेप गुंडाळायचं काम. आधी मला वाटलं पंखा घरघरतोय. मग त्या आवाजाला चाल आहे असं लक्षात आलं. सुपरवायझर घाईघाईने म्हणाला, "मॅडम, त्या जरा पुटपुटत असतात. कामावर काही फरक पडत नाही. जुनी सवय आहे त्यांची." मी हसले आणि फॉर्मवर खूण करायला लागले. एक मुलगी, वीस-बावीस वर्षांची, हातातलं काम न थांबवता म्हणत होती,

अंगठा ठेवला काचेवर, मशीन मला ओळखेना
रेघा पुसल्या तारेनं, दार काही उघडेना

बाकीच्या हसल्या. शेजारची म्हणाली, "आता माझी घ्या." तिचं कोकणी वळण होतं, पण तिने म्हटलं ते असं,

लाल तार, काळी तार, मधी पिवळी नाजूक
कुन्या गाडीला जाईल, हिला नाही गं ठाऊक

माझा पेन थांबला. आई, ही तुझी आहे. मी तिसरी-चौथीत असताना तू कामाचा वायरचा तुकडा घरी आणला होतास आणि त्याच्यावर ही केली होतीस. मी त्या तुकड्याची बांगडी केली होती. कोकणातल्या एका अनोळखी बाईच्या तोंडात "कुन्या" तसाच होता, तुझ्यासारखा, नाकात किंचित अडकलेला.

मग पाळी पुढे सरकली. टेबलाच्या टोकाला एक स्टूल होतं, लोखंडी, जुनं, बाकी सगळ्या प्लास्टिकच्या नव्या खुर्च्यांत एकटंच. त्यावर कुणी नव्हतं. त्याच्यापुढे बोर्डही मांडलेला नव्हता. शेजारची पांढऱ्या केसांची बाई त्या स्टुलाकडे तोंड करून, जरा वेगळ्या आवाजात म्हणाली, "माझ्या लेकीला गं बाई, माझी लाज वाटली." आणि गप्प झाली. सगळ्या गप्प झाल्या. टेबलावरचे सगळे हात थांबले. टेप फाटायचा आवाज नाही, काही नाही. एक श्वास घेऊन सोडावा इतकाच वेळ. मग पलीकडच्या बाईने आपली ओवी सुरू केली आणि हात पुन्हा चालू झाले.

मी तुला लाज वाटते म्हणाले, तेव्हा रुपीनगरच्या खोलीत आपण दोघीच होतो, आई. पप्पा कामावर होते. ते वाक्य ऐकायला तिसरं कुणी नव्हतं.

चहाच्या सुट्टीत मी त्या पांढऱ्या केसांच्या बाईजवळ गेले. विचारलं, "मावशी, ते स्टूल रिकामं का?" ती बशीत चहा ओतत म्हणाली, "ती जागा आक्काची हाय. तळवड्याला आमी चौघी-पाचजणी होतो तवा. तिनंच लावलं समद्यांना हे बोलायला. घरी बोलत नव्हती, म्हनं. घरचं समदं हितं आनून वतायची." तिने फुंकर मारली. "त्या दिवशी तिची पाळी आली. पयली ओळ म्हणली आन् थांबली. आमाला वाटलं, जुळवायलीय. ती लय येळ लावायची कधी कधी, मनाजोगं जुळल्याबिगर बोलायची न्हाई. आमी हात थांबवून बसलो. एकमेकींकडं बघून हसलोबी. मग तिच्या हातातनं टेपची गुंडाळी खाली पडली, तवा कळलं."

मी विचारलं, "आणि हे रोज करता?"

"रोज. कंपनी नाव बदलून इकडं आली, त्या टायमाला ते स्टूल भंगारात टाकलं व्हतं. आमी टेम्पोत घालून आनलं. ह्या नव्या पोरींनी तिला पाह्यलंबी न्हाई, पन थांबत्यात. ओळ अर्धी ऱ्हायलीय ना. पुरी व्हायला नको?" मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तुमाला का एवढी चौकशी, मॅडम?"

आई, मी म्हणाले, "सहज."

गळ्यात कंपनीचं कार्ड होतं, शेजारी सुपरवायझर उभा होता. तीस-पस्तीस पावलांवर तुझं स्टूल होतं. आणि मी म्हणाले, सहज. म्हणजे नववीतल्या त्या मुलीत आणि माझ्यात काही फरक पडलेला नाही, हे मला तिथेच उभ्या उभ्या कळलं.

चहानंतर मी निघायला हवं होतं. माझं काम झालं होतं. पण मी लाइनवर परत गेले आणि टेबलाच्या टोकाशी उभी राहिले. वरच्या पारदर्शक पत्र्यातून ऊन पडत होतं, स्टुलाची सावली जमिनीवर होती. ओव्यांची फेरी सुरू झाली, एकेक करत पाळी जवळ आली. पांढऱ्या केसांच्या बाईने ती ओळ म्हटली. माझ्या लेकीला गं बाई, माझी लाज वाटली. हात थांबले. एक श्वास. आणि त्या शांततेत दुसरी ओळ आली,

तिच्यासाठी ओवी माझी, उरामधी साठली

आवाज कुठून आला ते मला सांगता येत नाही. तुझा होता. माझे ओठ एकमेकांना चिकटलेले होते, एवढं मला आठवतं. ही ओळ मी कधी ऐकली नव्हती, माझ्या मनातही नव्हती. सगळ्या बायांनी स्टुलाकडे बघितलं. माझ्याकडे एकीनेही नाही. फक्त सुपरवायझर मोबाइलवरून मान वर करून म्हणाला, "मॅडम, काही म्हणालात?" मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच कळलं नाही.

त्या दिवशी पुढची ओवी कुणीच घेतली नाही. सगळ्या खाली मान घालून काम करत राहिल्या. एक तरणी मुलगी मनगटाने डोळे पुसत होती. मी फाटकाकडे निघाले, तेव्हा पांढऱ्या केसांची बाई मागून चालत आली. तिने माझं मनगट धरलं. तिचा हात गार होता, बोटांना टेपचा डिंक होता. माझ्या तोंडाकडे बघत, अगदी हळू, लहान बहिणीवर रुसावं तसं ती म्हणाली, "लय उशीर लावलास गं, आक्का." मग हात सोडून आत गेली. मी गाडीत बसून राहिले. आरशात बघायचा धीर झाला नाही.

त्याला आता पाच दिवस झाले. पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत सगळं आहे तसंच आहे. पण मी भाजी चिरते तेव्हा सुरी दोन-दोनच्या ठेक्यात पडते. काल लिफ्टमध्ये, हातात दुधाच्या पिशव्या असताना, माझ्या तोंडून निघून गेलं,

लिफ्टचं दार मिटायलंय, आरशात मी एकली
पाठीमागून कुनी बाई, हनुवटी खांद्या टेकली

मिटायलंय. हे रूप मी पंचवीस वर्षांत उच्चारलं नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या एक काकू सोबत होत्या. त्या दचकल्या, मग हसून म्हणाल्या, "छान आहे. तुमची का?" खांद्याला ऊब लागत होती, आई, खरंच लागत होती. मी म्हणाले, "आमच्या घरची." मला भीती वाटली, पण मी खांदा हलवला नाही. ऊब जाईल म्हणून नवव्या मजल्यापर्यंत तशीच उभी राहिले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते मला ठाऊक आहे. तू असतीस तरी वाचायला तुला माझीच मदत लागली असती, आणि मी एखादी ओळ गाळली असती. तेव्हा एक गोष्ट, जी ऑफिसात कुणाला सांगता येणार नाही, तुला सांगून ठेवते. त्या तपासणीच्या फॉर्मवर एक रकाना असतो, लाइनवर कामाला हजर असलेल्या कामगारांची संख्या. ती स्वतः मोजून भरायची, विचारून नाही, असा आमचा नियम आहे. मी दोनदा मोजलं. अकरा बाया होत्या. मी बारा लिहिलं आणि खाली सही केली.