बाबांची शाळा, जनरल शिफ्ट

१६ जून
आज बोईसरची सगळी पोरं दप्तरं लटकावून शाळेत गेली. माझी स्वरा गेली नाही. पाच वर्षांच्या पोरीला बाकावर कोंबणं मला मान्य नाही. आजपासून घरशाळा. मुख्याध्यापक, शिक्षक, शिपाई सगळं मीच. बी.एस्सी. केमिस्ट्री आहे, तारापूर एमआयडीसीत आख्खी शिफ्ट सांभाळतो. एक पोरगी काय जड आहे?

खरं कारण इथेच लिहून ठेवतो. फिरत्या शिफ्टमुळे पोरगी मोठी होताना मला दिसतच नाही. मागे ती सायकलवरून पडली, ते गुडघ्यावर खपली धरल्यावर कळलं. म्हणून साहेबांकडून परमनंट नाईट मागून घेतली. दिवस सगळा स्वराचा. स्वतःहून नाईट मागणारा माणूस साहेबांनी पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी चहा पाजला.

हेमांगीची अट: २६ जानेवारीपर्यंत पोरीला पुस्तकाचं एक पान वाचता आलं पाहिजे. नाहीतर घरशाळेला कायमचं कुलूप. बायको असून विश्वास नाही. मी दिवाळीपर्यंत पेपर वाचायला लावतो.

१७ जून, सकाळ
ड्यूटी सुटली, आंघोळ, चहा, शाळा. कंपनीसारखा रीतसर हँडओव्हर ठेवला आहे. पोरगी ताब्यात देताना हेमांगीने सांगायचं: नाश्ता झाला, वेण्या घातल्या, नाक पुसलं. मगच मी चार्ज घेणार. हेमांगी म्हणाली, एकच वेणी झालीय, दुसरी रिबन सापडत नाही. रिमार्क मारून चार्ज घेतला.

पहिला तास विज्ञान. हळदीवर साबणाचं पाणी टाकलं की हळद लाल होते. स्वरा थक्क. मग तिने तोच प्रयोग चादरीवर केला. हेमांगीने शाळेची मान्यता जागच्या जागी काढून घेतली. दुपारी परत दिली.

१८ जून
भाषा. मी अ म्हणायचं, तिने अ म्हणायचं. खुर्चीत पाठ धरते म्हणून पलंगावर टेकून शिकवलं. ई आल्याचं आठवतं. जाग आली तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि अंगावर तीच डागाळलेली चादर होती. पहिलाच आठवडा. शरीर सेट होतंय.

३० जून
शरीर अजून सेट होतंय.
पण शिस्त लागली. माझी आंघोळ आटोपली की स्वरा स्वतःच पाटी घेऊन येते, पडदे ओढते, पंखा लावते. हेमांगीची कुरकुरही बंद. निकाल दिसायला लागला की बोलणारे गप्प होतात.

२१ जुलै
आज उ पर्यंत जागा होतो. रेकॉर्ड.
संध्याकाळी स्वराने ए, ऐ, ओ, औ म्हणून दाखवलं. मी तर शिकवलेलं नाही. म्हणजे शिकवलेलंच असणार, झोपेत. पद्धतीला नाव दिलं: निद्राशिक्षण. शिक्षक झोपला की मुलावरचं प्रेशर उतरतं. क्वालिटी डिपार्टमेंटच्या निमेशला समजावून सांगितलं. त्याने मुलाला इंटरनॅशनल शाळेत घातलंय. त्याने माझा खांदा थोपटला. पटलेलं दिसतंय.

१२ ऑगस्ट
स्वराच्या चपला चिखलाने भरलेल्या. दुपारी जेवायला नको म्हणाली, खिचडी खाल्ली म्हणे. घरात तर भाकरी होती. कल्पनाशक्ती उत्तम. हजेरी घेतली तर म्हणाली, "हजर, ताई." मुलं गोंधळतात. व्याकरण दिवाळीनंतर घेऊ.

२३ नोव्हेंबर, रविवार
दिवाळी झाली. पेपर राहिला. पाया पक्का करतोय.
आज फील्ड व्हिजिट, एडवणचा किनारा. बोंबील वाळत घातले होते. विषय: बाष्पीभवन. 'बाष्पीभवन' एवढं म्हणून वाळूवर जरा टेकलो. बोंबील उलटायला आलेल्या हिरामावशींनी हलवून उठवलं. म्हणाल्या, ओ दादा, उठा, अर्धं तोंड भाजलं तुमचं, पोरगी आमच्यात जेवली पन. स्वराने तिथल्या पोरांना ओळीत बसवून गाणं शिकवायला घेतलं होतं. शिकवण्याची हातोटी माझ्यावर गेली आहे.

२४ जानेवारी
चाळीमागच्या अंगणवाडीच्या जमनाताईंचं आमंत्रण. म्हणाल्या, सव्वीस तारखेला तुमी यायचंच हाय, नाय म्हणू नका. कीर्ती पोचली तर! भाषण लिहिलं: 'घरशाळा, काळाची गरज'. अंगणवाडीवर टीका फक्त दोनच ठिकाणी ठेवली. त्या बिचाऱ्यांनाही वाईट वाटायला नको.

२६ जानेवारी
नाईट सुटली तसा युनिफॉर्मवरच गेलो. झेंडावंदन झालं. मला खुर्ची दिली. ती पालकांच्या रांगेत होती, पण पुढची होती. मग स्वराला पुढे बोलावलं आणि तिने पुस्तकाचं एक पान घडाघडा वाचलं. अट पूर्ण! मी उभा राहून टाळ्या वाजवल्या आणि खिशातून भाषण काढलं.

तेवढ्यात जमनाताईंनी बक्षीस पुकारलं. पूर्ण हजेरी: स्वरा. म्हणाल्या, जूनपासून एक खाडा नाय पोरीचा, पाऊस असो का काय असो. मग माझ्याकडे हात करून म्हणाल्या, हे तिचे बाबा, यांना झोप लागली का पोरगी पळत आमच्याकडं येते.

सगळे हसले. मीही हसलो. भाषण परत खिशात घातलं.

२७ जानेवारी
हेमांगीला जाब विचारला. तिने पोळ्या लाटता लाटताच सांगितलं. रात्रभर काम आणि दिवसा शाळा, तुम्ही आजारी पडला असतात. झोपा म्हटलं असतं तर ऐकलं असतं का? म्हणून स्वराला सांगितलं, बाबांजवळ पाटी घेऊन बसायचं, अ आ म्हणायचं, घोरायला लागले की जायचं. पोरीने एक दिवस चुकवला नाही.

फार वाईट वाटलं. ती दिसावी म्हणून नाईट घेतली, आणि ती वाचायला शिकली तेव्हा मी शेजारी घोरत होतो.

घरशाळा बंद, असं जाहीर केलं. स्वरा रडायलाच लागली. मग तुम्ही झोपणार कसे, म्हणाली. मग डोळे पुसून तिनेच पडदे ओढले, मला पलंगावर आडवं केलं आणि पुस्तक काढलं. एका खेकड्याची गोष्ट. म्हणाली, आज मी वाचते, तुम्ही ऐका. ठरवलं, आज काही झालं तरी डोळे मिटायचे नाहीत.

२८ जानेवारी
गोष्ट तिने शेवटपर्यंत वाचली म्हणे. हेमांगी सांगते, एकदाही अडखळली नाही. मला खेकडा बिळातून बाहेर आल्याचं आठवतं.

पुढे खेकड्याचं काय झालं ते स्वराला विचारायला उठलो. ती अंगणवाडीत गेली आहे.