आईच्या बियाण्याची सहा झाडं

९ ऑक्टो.
टमाट्याच्या एका झाडानं दुपारी मान टाकली. सं. पाणी घातलं, उठलं. ऊन असेल.
सहाच झाडं. पाच अंगणात, एक बादलीत. आईचं बी अक्कानं इतकी वर्षं जपलं, यंदा कनेरगावला तिची झाडं पावसात गेली. आता हे बी फक्त माझ्या या सहा झाडांत.

११ ऑक्टो.
आज ते उठलं नाही. शेजारचंही मलूल. पानं मात्र हिरवीगार, पिवळं एकही नाही. कीड शोधली, नाही. अक्काला फोन. "पाणी लई घालतीस तू." बोट खुपसलं, माती खरंच ओली. पाणी बंद.

१४ ऑक्टो.
तरी तिसरं गेलं.
आई दुसऱ्याच्या शेतात रोजानं जायची. स्वतःचं म्हणून आमच्या गोरेगावच्या घरामागं, न्हाणीच्या पाण्यावर, एवढेच टमाटे. चपटे, आंबट. पहिलं पिकलेलं बियाण्याला. बी राखेत चोळायची अन् उरलेली साल मीठ लावून आम्हा दोघी बहिणींना. ती चव अजून...

१६ ऑक्टो.
अक्का एसटीनं आली. चहाआधी अंगणात. वाळलेलं झाड उपटलं. मुळांना गाठी नाहीत. खोड कापलं, आत तपकिरी. तुकडा ग्लासातल्या पाण्यात धरला. "आमच्या वावरात कृषी सहायकानं असंच दाखवलं व्हतं." जरा वेळानं कापलेल्या टोकातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरला.
"मर हाय. मातीतून येती. दवा न्हाई." मग, "मागच्या साली इथं काय व्हतं?"
"वांगी."
"दोन्हीला एकच मर लागती." वांग्याच्या जागी आई टमाटे कधी लावत नसे. मला माहीत होतं की. कशी विसरले?
अंगणातली पाचही तिनंच उपटली, जाळली. माझ्यानं होईना.
"बादलीत माती कुठली घातलीस?"
आठवेना.

१७ ऑक्टो.
अक्का सकाळच्या गाडीनं गेली. ती निघताना मी म्हटलं, आई असती तर रागावली असती. "न्हाई गं. दुसऱ्या जागी लावलं असतं अन् कामाला गेली असती."

२३ ऑक्टो.
बादलीतल्या झाडाला एकच मोठं फळ. बुडाशी पिवळसर झाक आली आहे. दु. एकला शेंड्याची दोन पानं खाली वाटली. ऊनही कडक होतं. बादली सावलीत ओढली. अक्काला फोन, फळ तोडू का?
"कच्च्याचं बी नीट उगवत न्हाई. ऊन उतरू दे, मग झाड उठलं का बघ अन् मला सांग."
साडेपाच झाले. अजून बाहेर गेले नाही.