शटरचा टेकू

येरमाळा, गुरुवार, दिवेलागण

आमचे हे गेल्यापासून बंद असलेलं गॅरेज उद्या भाड्यानं जातंय, म्हणून आज शटरची झिजलेली स्प्रिंग बदलून घेतली. मिस्त्री म्हणाला, "काकू, लांब व्हा. ताण सोडल्याबिगर हात लावायचा न्हाय."

ह्यांना कितीदा म्हणलं, बदला की ओ. न्हायच बदलली. खांद्यानं शटर उचलायचे नि ओरडायचे, "अगं, टेकू!" मग मी हातातलं टाकून पळायची, लाकडी टेकू शटरखाली लावायची.

आज नवी स्प्रिंग बसली. मिस्त्रीनं शटर वर केलं आणि मी टेकू घेऊन पळाले. शटर आपलं आपण थांबलं.

"काकू, आता टेकू लागत न्हाय."

व्हय, म्हणलं. हाक तर कुणीच मारली नव्हती. मग का पळाले मी?