अर्विदचे जळालेले शर्ट

१ नोव्हेंबर
अर्विदला जाऊन नऊ महिने झाले. मी सावरले आहे. त्याचे कपडे मार्चमध्येच चर्चला देऊन टाकले. लाल-काळ्या चौकड्यांचा एक लोकरी शर्ट गॅरेजात लटकत राहून गेला. तो स्वयंपाक करताना घालते. घर गार असतं म्हणून.
दुपारी एन्सिओ भाऊजी आले. जंगलातला शिकारीचा कॅम्प, ती लाकडी खोली, विकतायत. त्यांच्याच नावावर आहे. डेट्रॉइटचं गिऱ्हाईक आलंय. म्हणाले, "वहिनी, गेल्या वर्षी शिकारीच्या सीझनच्या पहिल्या दिवशी आम्ही दोघंच भाऊ होतो. एक खोकत होता, दुसरा त्याला गप्प करत होता. हरणं ऐकून घरी गेली."
मी विचारलं, या पंधरा तारखेला, सीझन उघडेल तेव्हा, कॅम्पातल्या टेबलाशी चारजण बसले तर?
"तर सही करणार नाही. शब्द."
चारजण जमवणं काय अवघड? एके काळी आठ असायचे.

३ नोव्हेंबर
चौघांतली पहिली मी. शिकारीचा परवाना काढला. खिडकीतल्या मुलीनं जन्मसाल दोनदा विचारलं. बंदूक मला येते. लग्नानंतर अर्विदनं रिकाम्या डब्यांवर शिकवली होती.
वाचनालयातून हरणांवरचं पुस्तक आणलं. हरणाला साबणाचा वास लांबून येतो. आजपासून साबण बंद.

५ नोव्हेंबर
साबण चालू. उद्या चर्चला जायचंय.
पूर्वी पंधरा नोव्हेंबरला शाळा बंद, गिरणी बंद. चौदाला संध्याकाळी मी दोन डझन पास्ट्या बांधून द्यायचे, मांस-बटाटा-सलगम भरलेल्या, प्रत्येकीवर कणकेचं आद्याक्षर, म्हणजे भांडण नको. मी स्वतः कॅम्पात कधी गेले नाही. एकेचाळीस वर्षांत गरजच पडली नाही, अर्विद सगळं सांगायचा. ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचं मागचं टोक कापायचं, नाव-साल लिहून भिंतीला ठोकायचं, हा तिथला नियम.
अर्विदचा नेम कधी चुकला नाही. यायचा बहुधा रिकाम्या हातानं, पण ते लहान हरणांना सोडून द्यायचा म्हणून. एकच खोड, शेगडीला पाठ लावून झोपायचा. नऊ वेळा शर्ट मागून जळाला. नीटनेटका माणूस, जळकं टोक कात्रीनं सरळ कापून आणायचा. मी नवीन टोक लावून द्यायचे.

८ नोव्हेंबर
जुन्या आठांपैकी उरलेल्यांना फोन केले. वेंडेल आता ॲरिझोनात असतो. म्हणाला, "हिल्मा, इथं मी अर्ध्या चड्डीत बसलोय. हरीण आलंच तर त्याला सरबत देईन." त्याचा नकार पक्का नाही वाटला.
नॉर्बर्ट देवाशपथ येतो म्हणाला. म्हणजे भाऊजी आणि मी धरून तीन झाले. पाद्रीसाहेब बर्फ नसेल तर येणार. चार!

१२ नोव्हेंबर
बर्फ.

१३ नोव्हेंबर
अजून बर्फ. पाद्रीसाहेबांची गाडी तशीही जुनी आहे. वेंडेलला पुन्हा फोन केला, लागला नाही. विमानात असेल.

१४ नोव्हेंबर
चोवीस पास्ट्या भाजल्या. सहांवर चुकून अर्विदचं 'ए' घातलं. सवय. दुःख वगैरे नाही.

१५ नोव्हेंबर, दुपार
पहाटे पाचला कॅम्पात पोचले. शर्ट त्याचा घातला होता, लोकर गरम म्हणून. चार ताटं मांडली. नॉर्बर्टचा फोन आला, "हिल्मा, नाकात ऑक्सिजनची नळी घालून आलो तर हरणं हसून मरतील, गोळी वाया जाईल." हसायचं म्हणून हसला.
दोन ताटं परत फळीवर ठेवली. भाऊजींनी पाहिलं आणि शेगडीत लाकूड सारलं.
उजाडता उजाडता अर्विदच्या लपणात जाऊन बसले. फळीवर त्याची तंबाखूची डबी तशीच होती. पावणेआठला नर आला, आठ टोकांच्या शिंगांचा, तीस पावलांवर. मी गोळी झाडली. बर्चच्या फांदीवरचं बर्फ पडलं. नरानं माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश निघून गेला.
कॅम्पात आले तर भाऊजी कात्री घेऊन उभे. "आवाज ऐकला. हरीण कुठाय? नाही ना? पाठ करा, वहिनी. नियम म्हणजे नियम."
मी म्हटलं, हा शर्ट नको, भाऊजी. हा एकच आहे.
त्यांनी कात्री खाली केली. मग मीच पाठ केली.
कापलेलं टोक ठोकायला भाऊजी झोपायच्या बंकांमागच्या भिंतीशी गेले. मी दिवा घेऊन मागं. भिंतीवर टोकंच टोकं. अर्विदची नऊ. त्याच्याच अक्षरात नाव, साल. कुठं जळल्याचा डाग नाही. दोन तर माझ्या शिवणीची, मीच लावून दिलेली, पुन्हा कापलेली.
भाऊजी म्हणाले, "तो आम्हाला शपथ घालायचा. हिल्माला सांगू नका रे, ती मला नेमबाज समजते."
मी म्हटलं, मला ठाऊक होतं.
खोटं. किंवा खोटं नसेलही. जळका वास एकाही शर्टाला नव्हता, मला कळत नाही का?

१६ नोव्हेंबर
भाऊजींनी सही केली. चारजण नव्हतेच. नवा मालक भिंत रंगवणार आहे, म्हणून खिळे काढून दहा टोकं घरी आणली.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडून पाहिली. कालचं या शर्टाला बसतं. बाकीची कशालाच नाही. ते शर्ट मी मार्चमध्येच देऊन टाकले, सावरले होते म्हणून.