नदीपलीकडची नेसा

११ मे

शुक्रवारी पुस्तिका छपाईला जायची. आमच्या किलव्हारा गावचे बारा नामवंत. अकरा पानं माझी लिहून झाली. एक बिशप – सहा महिन्यांचा असताना गाव सोडलं! एक मुष्टियोद्धा. एक अमेरिकी सिनेटर – त्याच्या आज्याचा बाप्तिस्मा इथला, तेवढ्यावर.

बाराव्या पानावर नेसा रूनीला घ्या, असं मॅलाकीचं म्हणणं. पुस्तिका समितीचा अध्यक्ष ना तो! बावन्न वर्षं तिनं गावच्या पोरांना नदीत पोहायला शिकवलं, एकही बुडालं नाही. माझी दोन्ही तिच्याच हाताखाली तयार झाली. सगळं खरं. पण ती इथली नाही. पूल ओलांडून नऊ मैलांवरच्या कार्नबेगची, लग्न होऊन आलेली. काउंटीसुद्धा वेगळी! इथल्या चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याची नोंद हवी, हा नियम. मी हटले नाही.

१२ मे

नेसा खाटकाकडे भेटली. पुस्तिकेचा विषय काढला नाही. परसातल्या रूबार्बची आंबट देठं दिली जुडीभर. जरा ओशाळले. जराच.

१३ मे

मॅलाकी चिडला – मग सगळ्यांच्याच नोंदी तपास म्हणाला. तपासल्या! फादरनी वह्या काढून दिल्या. दुपार मजेत गेली. मॅलाकीचं मधलं नाव अलॉयसियस, इतकं जुनाट, हे आता गावभर करणार.

सहज माझीही नोंद शोधली. मार्च १९४७. नाही. एप्रिल. नाही.

घरी येऊन कन्सेप्टाला, थोरल्या बहिणीला, फोन केला. आधी हवापाण्याचंच बोलत बसली. मग म्हणाली, "आई मावशीकडे गेली होती गं. त्या साली बर्फानं पूल बंद झाला, तीन आठवडे अडकली. तू तिकडेच झालीस. कुणाजवळ बोलायचं नाही, असं आईनं बजावलं होतं."

मावशी कार्नबेगची.

१४ मे

मॅलाकीला सांगून टाकलं. हसता हसता खालीच बसला. "म्हणजे डिम्फ्ना, तूसुद्धा उपरी!"

नियम खोडला. नेसाचं पान एका बैठकीत लिहिलं, बाकीच्या अकरांपेक्षा चांगलं झालंय. रूबार्बचा टार्ट केला. फार बरं वाटतंय.

१५ मे

पान आणि टार्ट घेऊन नेसाकडे गेले. माझं गुपितही सांगितलं. तिनं चहा ओतला.

"ठाऊक आहे मला. माझी आई कार्नबेगची सुईण होती. तुला पहिलं तिनंच हातात घेतलं."

बावन्न वर्षं मी हिला तोंडावर उपरी म्हणत आले.